कोस, तास आणि परवाना

दोन शहरांमधले अंतर सांगताना आपण तोंडाने कोस सांगतो, मनात मात्र वेळ धरतो. मुंबई आणि पुणे यांच्या मधल्या पनवेलला हा भेद कुणी शिकवावा लागत नाही.

१८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. मुंबईचा उतारू होडीने पनवेल बंदरात येई व येथून घाटाची वाट धरी. होडी खाडीत शिरायची ती भरतीच्या पाण्यावर. म्हणजे पुण्याच्या प्रवासाचे वेळापत्रक चंद्राच्या हाती! देशावरच्या गाड्यांचे बैल येथे सुटत, आणि गाडीची चाके घडवण्यात पनवेलचा हात धरणारे गाव विरळा. पुढे २१ एप्रिल १८६३ रोजी आगगाडी बोरघाट चढली. पण ती कल्याण-कर्जतवरून गेली. दिवसांचा प्रवास तासांवर आला आणि पनवेलचा मुक्काम वाटेतून उठला.

वेळ वाचला खरा, पण कुणाचा? याच तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्याला लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. १८७० च्या सुमारास आई अत्यवस्थ असल्याची वार्ता आली. घाट उतरणारी गाडी तयार होती. रजा मात्र वेळेवर मिळाली नाही. ते घरी पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या बंडामागे कारणे अनेक होती, पण हा घाव त्यांत होताच. त्याच वासुदेव बळवंतांना एडनच्या तुरुंगापर्यंत समुद्रापार न्यायला सरकारला आगबोट सापडली. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

आता आकाशाचा हिशेब पाहू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका लहानशा विमानातून टपाल घेऊन सकाळी कराचीहून निघाले आणि अहमदाबादला उतरून दुपारी जुहूला पोहोचले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. तेथे मराठी कुटुंबे नांदत होती. सिंधमध्ये शिक्षणाचा पाया घालणारे नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा आजही तेथे आहे. ही दोन शहरे सरळ रेषेत ९०० किलोमीटरांच्या आतच आहेत. आजच्या जेट विमानाला दीड तास पुष्कळ झाला. पण आज त्यांच्यामध्ये थेट विमान नाही. दुबईवरून वळसा घालायचा, तर ३,००० किलोमीटरांहून अधिक उडावे लागते. आणि तेही प्रवेशपत्र मिळाले तर. १९३२ साली जे एका सकाळीत झाले, ते आज दिवसभरातही होईलच असे नाही.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेलजवळ नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. आगगाडीने टाळलेल्या मुलखात आकाशाची वाट येऊन पोहोचली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावांनी आपली घरे सोडली. त्यांच्यापैकी कितीजणांच्या हाती विमानाचे तिकीट येईल?

यंत्र अंतर कापते, हे खरे. पण कुणासाठी कापायचे, हे अजूनही कुठल्यातरी मेजावर पडलेला कागदच ठरवतो. शिरढोणच्या त्या माउलीला घाट कधीच आडवा आला नव्हता.