हिवतापाविरुद्ध रक्ताची साक्ष

देवीचा रोगी एकदां बरा झाला म्हणजे तो रोग त्यास सहसा पुन्हां शिवत नसे. हिवताप मात्र पुन्हां पुन्हां येतो. डास हा रोग पसरवितो, हें रोनाल्ड रॉस यांच्या १८९७-९८ च्या संशोधनानें कळलें. पण त्यास अडविणारी शक्ति शरीरांत आहे कीं नाहीं, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचें उत्तर माकडांनीं दिलें. १९३२ सालीं कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्यें नोल्स व दासगुप्ता यांनीं माकडांच्या एका हिवतापाचा अभ्यास केला. त्याच्या जंतूस नोल्स यांच्यावरून प्लास्मोडियम नोलेसी हें नांव पडलें. मलायाकडील लांब शेपटीच्या माकडांस हा जंतु फारशी पीडा देत नाहीं. उत्तर भारतांतील तांबड्या तोंडाचीं माकडें मात्र त्यानें बहुधा दगावतात.

१९३७ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेंत कॉगेशॉल व कम यांनीं, या रोगांतून वांचलेल्या पण जंतु दीर्घकाळ अंगांत बाळगणाऱ्या माकडांचें रक्तजल, म्हणजे सिरम, काढलें. तें नुकतीच लागण केलेल्या माकडांस दिलें असतां त्यांचा बचाव होऊं शकला. मात्र जंतु थोडे असावे लागत, आणि रक्तजल पुन्हां पुन्हां टोंचावें लागे. रक्षण करणारें द्रव्य, म्हणजेच प्रतिपिंड, एका शरीरांतून दुसऱ्यांत नेतां येतें, हें असें सिद्ध झालें.

हें माणसासही लागू पडतें काय? १९६१ सालीं गांबिया देशांत कोहेन, मॅकग्रेगर व कॅरिंग्टन यांनीं तेथील प्रौढांच्या रक्तांतील प्रतिपिंडें असलेला भाग आजारी मुलांस दिला. मुलांच्या रक्तांतील जंतु झपाट्यानें घटले.

हा मारा रक्तांत शिरलेल्या जंतूंवर होता. डास ज्या रूपांत जंतु अंगांत सोडतो, त्या रूपावरच घाव घालण्याचा मार्ग रूथ नुसेन्झ्वाइग यांनीं न्यूयॉर्क येथें उंदरांवर शोधला. १९६७ सालीं क्ष-किरणांनीं दुर्बल केलेल्या जंतूंनीं उंदरांस संरक्षण मिळालें. १९८० सालीं एकाच प्रकारच्या प्रतिपिंडानेंही तें मिळतें असें दिसलें. हें प्रतिपिंड जंतूच्या अंगावरील ज्या प्रथिनास चिकटतें, तशाच प्रथिनावर आजच्या लसी आधारलेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनें मुलांसाठीं २०२१ सालीं आरटीएस-एस व २०२३ सालीं आर-२१ या लसींची शिफारस केली. दुसरी लस पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्यें तयार होते.

या लसींच्या चार मात्रा द्याव्या लागतात, कारण त्यांचें संरक्षण ओसरत जातें. एका टोंचणीनें भागत नाहीं, हें १९३७ सालच्या माकडांनीं आधींच सांगितलें होतें. म्हणूनच लस आली तरी मच्छरदाणी सुटलेली नाहीं.