पाणीमहाल आणि रिकामी कबर

नळदुर्गचा किल्ला पाहावयाचा तो श्रावण-भाद्रपदात, असे या भागातील कोणीही सांगेल. पाऊस मनाजोगता झाला की बोरी नदी भरून वाहते, किल्ल्यातील धरणाच्या भिंतीवरून ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन धबधबे कोसळू लागतात आणि सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरून जाणारा प्रवासी वाट वाकडी करून आत शिरतो. आम्ही मात्र गेलो ते एप्रिल २०१६ मध्ये. त्या वर्षी पास्काचा सण २७ मार्चला होऊन गेला होता. पवित्र सप्ताहात राबलेल्या आमच्या धर्मग्रामातील तरुणांना एक दिवसाची सहल द्यावी, आणि जमल्यास थोडा इतिहासही सांगावा, असा आमचा बेत होता. बोरीच्या पात्रात खडक उघडे पडले होते. धरणाच्या भिंतीवर पाणी नव्हते, पायथ्याशीही जवळजवळ नव्हते. एका मुलाने डोक्यावरचा रुमाल सारखा करीत विचारले, “फादर, पाणीच नाही तर इथं पाहायचं काय?”

प्रश्न वाजवी होता. त्याच आठवड्यात, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याने भरलेली आगगाडी लातुरात पोहोचली होती. दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी त्या पहिल्या फेरीत आले. आगगाडीने पाणी आणून एका शहराची तहान भागविण्याची पाळी आली, ते शहर येथून मोटारीने दोन तासांच्या आत गाठता येते. अशा दिवसांत कोरडे धरण पाहून मुलांना गंमत वाटावी अशी अपेक्षा करणेच चूक होते.

परंतु ही भिंत कोरड्या दिवसांतच नीट दिसते, असे आमचे मत आहे. विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या कारकिर्दीत, इ. स. १६१३ मध्ये, ती पुरी झाली. किल्ला आणि शेजारचा रणमंडळ यांच्यामध्ये बोरीचे पात्र आहे. ते अडवून बांधणारांनी एकाच कामात तीन गोष्टी साधल्या. किल्ल्याला पाणी मिळाले, शत्रूला खंदक आडवा आला, आणि दोन टेकड्या जोडणारा मार्ग झाला. यावर ते थांबले असते तरी चांगले स्थापत्य म्हणून त्यांचे नाव राहिले असते. पण भिंतीच्या पोटात त्यांनी एक महाल कोरीवकामासह बांधला. पुराच्या दिवसांत डोक्यावरून नदी वाहत असते, खिडकीसमोर पाण्याचा पडदा कोसळत असतो, आणि आत उभ्या असलेल्या माणसाचे वस्त्रही भिजत नाही. यालाच लोक पाणीमहाल म्हणतात.

आम्ही मुलांना त्या महालात बसविले आणि विचारले, पास्काच्या जागरणाच्या रात्री कोणते वाचन कधीही गाळता येत नाही? दोघा-तिघांना ठाऊक होते. त्या रात्री जुन्या करारातील सात वाचने नेमलेली आहेत. अडचण असल्यास त्यांतील काही गाळण्याची मुभा आहे, परंतु निर्गमाच्या पुस्तकातील चौदाव्या अध्यायाला ती मुभा नाही. मोशेच्या मागून इस्राएल लोक समुद्रातून कोरड्या पायांनी चालत गेले आणि पाणी त्यांच्या उजव्या-डाव्या बाजूंना भिंतीसारखे उभे राहिले, ती ही कथा. पाण्याच्या भिंती आणि मध्ये कोरडी वाट. एका मुलीने दगडी छताकडे पाहिले. आम्हांला पुढे काही समजावून सांगावे लागले नाही.

येथे एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते, कारण आपल्या घराघरांत तिच्याविषयी घोटाळा आहे. पुनरुत्थानाच्या सणाची शुभेच्छापत्रे आपण पाहतो. त्यांवर फुले असतात, अंडी असतात, हिरव्या गवतावर खेळणारी सशाची पिले असतात. ती चित्रे युरोपातील आहेत आणि तेथे ती खरी आहेत. सण पडतो २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिल या मुदतीत. इ. स. ३२५ च्या निकेया धर्मपरिषदेने सर्वांनी एकाच रविवारी हा सण पाळावा असे ठरविले, आणि पुढे हा हिशेब रूढ झाला. त्या दिवसांत युरोपात बर्फ वितळून जमीन हिरवी होत असते. गोठलेले झाड फुलले की मेलेला जिवंत झाला हे सांगणे उपदेशकाला सोपे जाते. इंग्रजी नावदेखील वसंतातल्या एका जुन्या महिन्याच्या नावावरून आले, असे आठव्या शतकातील संत बीड यांनी लिहून ठेवले आहे.

मराठवाड्यात तोच सण फाल्गुन वा चैत्र पौर्णिमेनंतर येतो. कडुनिंबाला मोहर असतो, पळस फुलून गेलेला असतो, हे खरे. पण विहिरीचा तळ दिसत असतो आणि पाऊस अजून दोन-अडीच महिने दूर असतो. सृष्टीकडे बोट दाखवून ‘पाहा, सारे कसे पुन्हा जिवंत झाले’ असे आमच्या व्यासपीठावरून म्हणता येत नाही. म्हटले तर पुढच्या बाकावरचा शेतकरी मान खाली घालील. पुष्कळ वर्षे आम्हांला हे आपल्या प्रांताचे उणेपण वाटत असे. आता वाटत नाही. आपण मराठी कॅथलिक या सणाला ‘पास्का’ म्हणतो, आणि त्या मूळ हिब्रू शब्दात फुलांचा संबंध नाही. ओलांडून जाणे हा त्याचा अर्थ. ज्याला ओलांडावयाचे आहे त्याच्यापुढे अडथळा आजही उभा असतो.

नळदुर्गची भिंत पुरी झाली त्यानंतर तीनच वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यातील राचोल येथे एक ग्रंथ छापून निघाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. साष्टीचा तो मुलूख १५४३ पर्यंत आदिलशाहीतच होता. तेव्हा भिंत आणि ग्रंथ या एकाच जुन्या राज्याच्या दोन टोकांच्या वस्तू होत. स्टीफन्स इंग्लंडचे. १५७९ मध्ये ते गोव्यास उतरले आणि १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत येथेच राहिले. नवख्रिस्ती लोकांना आपल्या जुन्या पुराणांची सवय होती. ती गेल्यावर श्रवणासाठी काही उरले नव्हते. त्यांच्यासाठी या परदेशी धर्मगुरूने दहा हजारांहून अधिक ओव्या रचल्या आणि दुसऱ्या पुराणात प्रभूचे दुःखसहन व पुनरुत्थान मराठी कानाला पटेल अशा रीतीने गायिले. १६४९ व १६५४ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला. मग १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. छापील प्रती नाहीशा झाल्या. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. तरीही भाविकांनी हस्तलिखिते उतरून ठेवली, आणि त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा प्रसिद्ध केला. देवनागरीत तो यावयास १९५६ साल उजाडले. ते काम पुण्याच्या शांताराम बंडेलू यांचे. अडीचशे वर्षे हा ग्रंथ कोणी जपला? ज्यांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत अशा, दिव्याच्या उजेडात ओव्या उतरविणाऱ्या माणसांनी. (आज आपल्या किती घरांत तो आहे, हे विचारण्याचे धाडस आम्ही करीत नाही.)

हे सारे सांगावयास सोपे आहे. भिंत चारशे वर्षे टिकली, ग्रंथ परत आला. पण या रस्त्याने नळदुर्गहून पूर्वेस उमरग्याकडे गेले, आणि तेथून आत सास्तूर व किल्लारीकडे वळले, की जे टिकले नाही त्याचा मुलूख लागतो.

३० सप्टेंबर १९९३. आदला दिवस अनंतचतुर्दशीचा होता. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. मराठवाड्यातील जुनी घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचे जड माळवद असलेली. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरे त्या पहाटे माणसांवर आली. सरकारी गणनेप्रमाणे ७,९२८ माणसे मेली. आम्ही तेव्हा सेमिनरीत ईशज्ञान शिकत होतो. काही आठवड्यांनी आमची एक तुकडी मदतीच्या कामासाठी त्या भागात गेली. धान्य मोजून देणे, नावे लिहून घेणे, पत्रे उचलणे, एवढेच आम्हांला जमण्यासारखे होते.

पत्र्याच्या एका निवाऱ्यात एक वृद्धा बसलेली असे. ती ख्रिस्ती नव्हती. आमच्या गळ्यातील क्रूस पाहून एके दिवशी तिने विचारले, “तुमचा देव तिसऱ्या दिवशी उठला म्हनत्यात. मग माझी लेकरं कवा उठायची?” त्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. पुनरुत्थानावरील प्रबंध आम्ही त्याच वर्षी लिहिला होता आणि त्याला चांगले गुणही मिळाले होते. आम्ही काहीच बोललो नाही. तिच्या पुढ्यात ज्वारी मोजून ठेवली आणि पुढच्या निवाऱ्याकडे गेलो. ते मौन आम्हांला इतकी वर्षे सोबत करीत आहे.

पुढचा पास्काचा सण ३ एप्रिल १९९४ ला आला. त्या रात्री आम्ही संत मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय नव्याने वाचला. पहाटे कबरेकडे निघालेल्या स्त्रिया आशेने निघालेल्या नाहीत, हे तोवर आमच्या लक्षात आले नव्हते. त्या सुगंधी द्रव्ये घेऊन निघाल्या होत्या ती मृत देहाला लावावयास. वाटेत त्यांची चिंता एकच, तोंडावरचा दगड कोण बाजूला करील. किल्लारीत ज्यांनी हातांनी दगड उपसले त्यांना ही चिंता समजावून सांगण्याची गरज नाही. आणि सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मार्कचे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओळीपाशीच थांबते: स्त्रिया घाबरून पळाल्या आणि त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. म्हणजे ख्रिस्तसभेची आशा सुरू झाली ती भीतीपासून आणि मौनापासून. हे वाचून आमच्या मौनाची लाज थोडी कमी झाली, हे कबूल केले पाहिजे.

दुसरी गोष्ट संत योहान सांगतात. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, कुशीवर भाल्याची जखम होती. मृत्यूला जिंकणाऱ्याला ते व्रण पुसून टाकणे अशक्य नव्हते. त्याने ते राखले, आणि थोमाला तेच दाखविले. तेव्हा पुनरुत्थान म्हणजे घडलेले न घडल्यासारखे होणे नव्हे. जी आशा जखम लपवून दिली जाते ती घेऊन त्या वृद्धेकडे जाता आले नसते.

भूकंपानंतर तेथे काय घडले, ते नोंदले गेले आहे. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने बाराशे मुले शिक्षणासाठी नेली. आणि एक गोष्ट फारशी बोलली जात नाही: मुले गमावलेल्या काही मातांनी पूर्वी झालेली कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया उलटवून घेण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करून घेतली. गेलेले लेकरू परत येणार नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. ज्या जमिनीने लेकरे गिळली तिच्यावरच पुन्हा पाळणा बांधावयाचा, हे ठरविताना त्या माउलींच्या मनात काय चालले असेल, यावर प्रवचन करण्याची आमची योग्यता नाही. त्यांपैकी बहुतेकींनी प्रभूचे नाव ऐकलेही नसेल. पण कबरेकडे निघालेल्या त्या स्त्रियांची पावले आम्हांला यांच्या पावलांत ऐकू येतात. दरवर्षी ३० सप्टेंबरला जुन्या किल्लारीत लोक आपल्या मृतांना वंदन करावयास जमतात. नव्या घरांतून निघून ते जुन्या ढिगाऱ्यापाशी येतात. व्रण राखणे म्हणजे काय, ते तेथे पाहावे.

पाणीमहालात बसून आम्ही मुलांना एवढे सारे सांगितले असे नव्हे. काही सांगितले, काही मनात राहिले. निघताना तोच रुमालवाला मुलगा भिंतीवरून हात फिरवीत म्हणाला, “फादर, ही बांधली तेव्हाही नदी अशी कोरडीच असेल ना? पाण्यात कशी बांधणार?” भिंत अनेक उन्हाळ्यांचे काम असणार. नदी आटल्यावाचून तिच्या पात्रात पाया घालता येत नाही. आम्ही त्याला होय म्हटले.

त्या वर्षीच्या जागरणाची एक आठवण येथेच लिहून ठेवतो. २६ मार्चच्या रात्री स्नानकुंडात जे पाणी होते ते टँकरचे होते. इसायाच्या पुस्तकातील, तान्हेल्यांना विनामूल्य पाण्याकडे बोलावणारे वाचन झाले तेव्हा मंदिरात कोणीतरी मोठ्याने उसासा टाकला. पास्काची मेणबत्ती पाण्यात बुडवून आम्ही आशीर्वाद मागितला, आणि मिस्सा संपल्यावर रिवाजाप्रमाणे लोक आपापल्या बाटल्या घेऊन तीर्थ न्यावयास पुढे आले. दरवर्षी बाटली काठोकाठ भरून मागणाऱ्या एका मावशींनी त्या रात्री ती अर्ध्यावरच थांबविली. मागे रांग लांब होती. “फादर, एवढं पुरे,” त्या म्हणाल्या, “बाकीचं मागच्यांना द्या.”