नडगीचा ठणका

शिवाजी पार्कच्या कट्ट्याला बाहेरून एक फेरी मारली की साधारण १.२ किलोमीटर होतात. धावायला लागून मला तिसरा आठवडा चालू होता. पहिल्या आठवड्यात एक फेरी, दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्यात एकदम चार. चौथ्या फेरीला दोन्ही नडग्यांच्या आतल्या कडेला असा ठणका सुरू झाला की मी कट्ट्यावर बसलेच.

शेजारी एक मुलगा बसला होता, तोही नडगी चोळत. माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुमची पण नडगी का? याला काय लावायचं?"

मुलगा साताऱ्याकडचा. नायगावला मामाकडे राहून पोलीस भरतीची तयारी करत होता. मैदानी चाचणी सव्वा महिन्यावर आली होती. माझं धावणं हौसेचं, पण त्याचं नोकरीसाठी होतं. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण एकट्या १६०० मीटरचे. तिथे लंगडला तर वर्ष गेलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन वाचायला लागले, तेव्हा कळलं की आपल्या नडगीला फार जुना इतिहास आहे, आणि त्याला काय सांगायचं याचं उत्तरही त्यातच आहे.

सुरुवात सैनिकांपासून. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने एक गोष्ट नोंदवली. नव्याने भरती झालेल्या तरुणांना लांब कवायतीनंतर पाय सुजण्याचा आणि दुखण्याचा त्रास होत होता. कुणी पडलं नव्हतं, कुणाला मार लागला नव्हता. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि दोनच वर्षांत छायाचित्रात दिसलं की अशा कित्येक पायांतली बारीक हाडं चक्क तडकली आहेत. हाड एका मोठ्या घावाने मोडतं हे सगळ्यांना माहीत होतं. हजारो छोट्या घावांनीही ते मोडू शकतं, हे तेव्हा समजलं. आणि हे होत होतं नव्या भरतीतल्या पोरांना, मुरलेल्या शिपायांना नाही. कट्ट्यावरच्या त्या मुलाचा दीडशे वर्षांपूर्वीचा भाऊबंद हाच.

दुसरा धागा घोड्यांचा. धावणाऱ्यांच्या या दुखण्याला इंग्रजीत 'शिन स्प्लिंट्स' म्हणतात, आणि 'स्प्लिंट' हा शब्द घोड्यांच्या पायांच्या दुखण्यासाठी त्याच्याही आधीपासून वापरात आहे. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ सालचं. शर्यतीच्या कुठल्याही तबेल्यात विचारा, दोन वर्षांच्या कोवळ्या घोड्याला सरावात आणलं की त्याच्या पुढच्या पायांच्या नडग्या दुखावतात, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. अमेरिकेत डेव्हिड नुनामेकर या पशुवैद्याने याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. नुसत्या लांब, संथ रपेटीवर तयार केलेल्या घोड्याला शर्यतीचा वेग सोसत नाही. सुरुवातीपासून थोड्या थोड्या अंतराची वेगवान दौड दिली, तर हाड त्या भारासाठी स्वतःला घडवतं. थोडक्यात, हाड शिकतं. पण त्याला जेवढं शिकवाल तेवढंच ते शिकतं, आणि तेही सावकाश.

तिसरा धागा आपल्या माणसांचा. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक स्पर्धांना मुंबईहून सर दोराबजी टाटा गेले होते. शेतकरी घरांतले तरुण अनवाणी धावत होते, आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या होत्या. टाटा चकित झाले. त्यांनी पुढाकार घेतला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटासा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनचं अंतर त्या वर्षी ४२.७५ किलोमीटर होतं. चौगुल्यांनी ते २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पार केलं आणि ते एकोणिसावे आले. त्यांच्यासोबतचे सदाशिव दातार शर्यत पूर्ण करू शकले नाहीत.

हे वाचलं की पहिला मोह होतो बूट काढून फेकण्याचा. १९६० मध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणीच जिंकली होती. आपल्याच दादरमध्ये वाढलेला मिलिंद सोमणही अनवाणी धावतो. पण जिमखान्याच्या मैदानावर टाटांना दिसलेली ती मुलं महिनाभरापूर्वी अनवाणी झालेली नव्हती. पायी चालणं, शेतातली कामं, ओझी वाहणं, यांनी त्यांची हाडं लहानपणापासून घडत आली होती. आपलं तसं नाही. माझे आजोबा लालबागच्या चाळीतून गिरणीत चालत जायचे आणि पाळीभर साच्यावर उभे असायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले आणि टॉवरला लिफ्ट आली. मी दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसते. माझ्या नडगीला आजोबांचं नाव आहे, पण त्यांचा सराव नाही.

मग हाडात नक्की होतं काय? भार वाढला की शरीर आधी जुनं हाड पोखरतं आणि मग तिथे नवं, जास्त मजबूत हाड भरतं. पोखरण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत होतं, भरायला मात्र तीन-चार महिने लागतात. मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. रस्ता खोदून होतो दोन दिवसांत, बुजवायला पावसाळा उलटतो. मधल्या काळात त्याच रस्त्यावरून ट्रक सोडले तर काय होणार? नवशिक्याची नडगी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखते ती बऱ्याचदा यामुळेच. दम वाढलेला असतो, उत्साह वाढलेला असतो, हाड मात्र नेमकं तेव्हाच सर्वांत कच्चं असतं.

उपायांचाही इतिहास आहे. १९७४ मध्ये अमेरिकन नौदलाच्या अकादमीतल्या २,७७७ नव्या छात्रांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९७ जणांच्या नडग्या दुखावल्या होत्या. कुणाला बर्फ, कुणाला गोळ्या, कुणाला प्लास्टर असे वेगवेगळे उपचार केले गेले. साध्या विश्रांतीपेक्षा कशानेच जास्त फरक पडला नाही. २०१२ मध्ये डच संशोधकांनी ७४ खेळाडूंचे तीन गट केले. एकाला फक्त टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेलं धावणं, दुसऱ्याला सोबत पोटरीचे व्यायाम, तिसऱ्याला घट्ट मोजे. तिन्ही गटांना बरं व्हायला जवळपास सारखाच वेळ लागला, सरासरी साडेतीन महिन्यांच्या आसपास.

आजीचा हळदीचा लेप आणि बर्फाचा शेक यांनी बरं वाटतं, ते जरूर करा. पण हाड भरतं ते दिवसांनी. लावायचं काय, तर वेळ.

तरीही एक फरक ओळखता यायलाच हवा. नडगीच्या आतल्या कडेला बोटाने दाबत खाली या. पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल आणि चालताना फारसं जाणवत नसेल, तर बहुधा हेच साधं दुखणं आहे. दुखेल इतकं धावणं थांबवा, चालणं किंवा पोहणं चालू ठेवा. नंतर चालणं आणि धावणं आलटून पालटून करत, एका दिवसाआड, हळूहळू वाढवा. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत जीवघेणं दुखत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, एका पायावर उडी मारता येत नसेल, तर हाडाला तडा असू शकतो. धावताना पावलाला मुंग्या येत असतील किंवा पाय बधिर होत असेल, तर भानगड वेगळीच असू शकते. या दोन्ही वेळी धावणं बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडे. मुलींना हा त्रास मुलांपेक्षा जास्त होतो. धावणं वाढवून जेवण कमी केलं असेल आणि पाळी लांबली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. उपाशी शरीर हाड भरत नाही.

भरतीच्या मुलांना हे सांगणं सोपं नाही. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवारांचे जीव गेले, त्यानंतर अंतर कमी करण्यात आलं. अंतर कमी झालं तरी घाई तीच राहिली. जाहिरात निघाली की पोरं रस्त्यावर उतरतात आणि चार महिन्यांचं काम चार आठवड्यांत उरकायला बघतात. २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यापासून दर डिसेंबरात मरीन ड्राइव्हवर तीच घाई दिसते, फक्त बूट महागडे असतात. आमची शर्यत चुकली तर पुढच्या जानेवारीत पुन्हा असते. त्याच्या वयाची अट मात्र कुणासाठी थांबत नाही.

पुढच्या आठवड्यात तो भेटला. मी त्याला नडगी दाबून बघायला सांगितलं. लांब पट्टा दुखत होता, एका जागी नाही. म्हटलं, "दहा दिवस धावू नकोस. चाल, गोळाफेकीचा सराव कर. मग मैदानातल्या मातीवर एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल."

"आणि वेळ कमी पडला तर?"

"तडा गेला तर हे वर्षही जाईल आणि पुढचंही."

त्याला ते पटलं की नाही, त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पण त्या दिवशी तो धावला नाही. आम्ही दोघं कट्ट्याबाहेरून दोन फेऱ्या चाललो. आतापासूनच, जाहिरातीची वाट न बघता, रोज थोडं चालायला लाग, असं त्याने गावाकडच्या धाकट्या भावाला फोनवर सांगितलं. ते मी शेजारी चालता चालता ऐकलं.