पोरगा काय करते? : आपल्या सोयरिकीचा इतिहास



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी कुणी ना कुणी चळवळीचा इतिहास लिहितो. मोर्चे, परिषदा, सत्याग्रह यांचा इतिहास लिहिलाच पाहिजे. पण आपल्या घरातल्या बैठकीलाही इतिहास आहे. तो कुणी फारसा लिहीत नाही. म्हणून यावेळी सोयरिकीवर लिहायचं ठरवलं.

मनीषनगरात कुणाच्याही घरी लग्नाची बोलणी निघू द्या, पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पोरगा काय करते?" दुसरा, "परमनंट हाय का?" तिसरा, "राहते कुठं? घर सोताचं हाय का?" आता पोरं-पोरी स्वतःच जोडीदार शोधतात. कॉलेजात, मिहानच्या ऑफिसात ओळख होते, वर्ष-दोन वर्षं बोलणं-फिरणं होतं, मग घरी सांगतात. तरीही दाराशी हेच तीन प्रश्न उभे असतात. दोघांचं पटलेलं असताना केवळ पोरगा कंत्राटी आहे, नाहीतर जुन्या वस्तीत राहतो, म्हणून मोडलेल्या गोष्टी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. मोडणारे आईबाप वाईट नव्हते. त्यांना पोरीची काळजी होती. तेव्हा प्रश्न असा की जोडीदाराची नोकरी आणि समाजातलं स्थान पाहावं की पाहू नये? याचं उत्तर आपल्याच इतिहासात शोधू.

नोकरी नव्हती तेव्हा

आपल्या आजोबा-पणजोबांना हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. काम जन्मानेच ठरलेलं होतं. गावकीची कामं, दवंडी, निरोप पोचवणं, मेलेली ढोरं ओढणं. आपल्या विदर्भात जोडीला जाडंभरडं कापड विणण्याचा धंदा. सगळ्यांचं काम एक, दारिद्र्यही एक. मग सोयरिकीत काय पाहायचे? पोटजात पाहायचे. महारांच्या साडेबारा जाती अशी म्हणच होती. ज्यांना गाव शिवून घेत नव्हतं, तेही आपसांत उच्च-नीच मानत होते!

३० मे ते १ जून १९२० या काळात नागपुरात छत्रपती शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद झाली. त्या वेळी बाबासाहेबांनी नागपूरच्या महारांमधल्या पोटजातींच्या पुढाऱ्यांना एका पंगतीला जेवायला बसवलं. आज ही गोष्ट लहान वाटते. पण जिथं रोटी होत नाही तिथं बेटी कुठून होणार? आज आपल्या घरात कुणी पोटजात विचारत नाही, त्याची एक सुरुवात या पंगतीत आहे. शिडीची एक पायरी आपण स्वतः मोडली, हे लक्षात ठेवावं.

भायखळ्याच्या बाजारातलं लग्न

आता खुद्द बाबासाहेबांचं लग्न पाहा. साल १९०६. मुंबईच्या भायखळ्याचा बाजार रात्री बंद झाल्यावर त्याच जागी हे लग्न लागलं. एका कोपऱ्यात वराकडचे, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडचे, बसायला बाजारातले दगडी ओटे. नवरदेव शाळेत शिकत होता. वडील रामजी आंबेडकर सैन्यातले निवृत्त सुभेदार. वधू नऊ वर्षांची रमा, दापोलीजवळच्या वणंदची. तिचे वडील भिकू धोत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आईवडील दोघेही गेलेले, नातलगांनी पोरांना मुंबईला आणलेलं. आजच्या भाषेत "स्टेटस" जुळत नव्हतं. एकीकडे सुभेदाराचं घर, दुसरीकडे हमालाची पोरकी लेक.

(बालविवाह ही त्या काळची रूढी होती आणि ती वाईटच होती, हे वेगळं सांगायला नको.)

पुढे तो मुलगा अमेरिकेला गेला, लंडनला गेला, बॅरिस्टर झाला. रमाई इकडे उपास काढत होत्या, पोटची लेकरं गमावत होत्या. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. १९४० साली बाबासाहेबांचा 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत काय आहे? कुणाची मुलगी, किती शिकलेली, यातलं काही नाही. मनाचा चांगुलपणा, शुद्ध चारित्र्य आणि कुणी साथीला नव्हतं त्या दिवसांत सोबत सोसण्याची तयारी, याची कृतज्ञता आहे. चौतीस वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा बाबासाहेबांनी हे मोजलं.

मिलचा जावई

नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे मॉडेल मिल आली. मिलच्या कापडानं हातमागाचं पोट मारलं, पण रोख पगारही दिला. गावकीची भाकर मागणाऱ्याच्या हातात पहिल्यांदा महिन्याचा पगार आला. तेव्हापासून "पोरगा मिलमध्ये हाय" हे वाक्य सोयरिकीत वजनदार झालं. ते साहजिकच होतं. पगार म्हणजे गावाच्या पाटलाला "नाही" म्हणायची ताकद. त्या माणसाला पोरगी देणं म्हणजे तिला गावकीच्या बाहेर काढणं होतं.

पण त्या पगारातही जात होती. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आमच्या तोंडाचा विटाळ म्हणे धाग्याला लागे! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. म्हणजे "चांगली नोकरी" कुणाला आणि "हलकी" कुणाला, हे मेहनतीनं किंवा अकलेनं ठरत नव्हतं, ते जातीनं ठरवून ठेवलं होतं. आज आपण नोकरीवरून माणसाची किंमत करतो, तेव्हा ही गोष्ट आठवावी.

मोहन पार्कमधलं भाषण

२० जुलै १९४२. याच नागपुरात मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क हवा, एकापेक्षा जास्त बायका करण्यावर कायद्यानं बंदी हवी, असे ठराव तिथं झाले. १९५५ च्या विवाह कायद्यात हे दोन्ही आलं. बौद्धांनाही तो कायदा लागू आहे. आपल्या बायांनी तेरा वर्षं आधी ते मागितलं होतं.

त्या परिषदेत बाबासाहेब जे बोलले त्याचं सार सांगतो. मुलामुलींच्या लग्नाची घाई करू नका. लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याची आर्थिक ताकद आल्याशिवाय लेकरांवर लादू नका. आणि लग्न करणाऱ्या मुलीनं नवऱ्याची गुलाम होऊ नये, त्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभं राहावं.

म्हणजे बाबासाहेबांनी कमाईचा प्रश्न टाळला नाही. नुसत्या प्रेमावर चूल पेटत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण त्यांचा प्रश्न होता, "संसार पेलवेल का?" आपला प्रश्न झाला आहे, "चारचौघांत सांगता येईल का?" पहिला प्रश्न पोरीच्या भल्याचा आहे. दुसरा आपल्या मानाचा आहे. दोन्ही प्रश्नांचे शब्द तेच, "पोरगा काय करते?" म्हणून आपली गफलत होते.

पोरगी काय करते?

आपल्या इतिहासात बाईची कमाई नवी नाही. उमरेडच्या जाईबाई चौधरी नागपूर-कामठी रस्त्यावर डोक्यावर ओझी वाहायच्या. तिथून त्या शिक्षिका झाल्या, आणि १९२२ साली मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. हमाली करणारी बाई शाळा काढते, त्या समाजात कुणाची आजची नोकरी पाहून त्याच्या उद्याचा निकाल लावणं शोभत नाही.

दुसरं उदाहरण कुमुद पावडे यांचं, नागपूरच्याच. माहेरचं नाव सोमकुवर. संस्कृतात एम.ए. झाल्या, पण प्राध्यापकाची नोकरी मिळेना. पुढे मोतीराम पावडे यांच्याशी आंतरजातीय लग्न झालं, आडनाव बदललं आणि नोकरी मिळाली. 'अंतःस्फोट' या १९८१ च्या पुस्तकात त्यांनी ही व्यथा लिहिली आहे. संस्कृत तेच, बाई तीच, पण कुमुद सोमकुवरला जे नाकारलं ते कुमुद पावडेला मिळालं. "सामाजिक स्थान" म्हणजे काय चीज आहे, हे यापेक्षा कुणी स्वच्छ सांगितलेलं मला माहीत नाही. ते माणसाच्या अंगात नसतं, बघणाऱ्याच्या डोळ्यात असतं.

सरकारी नोकरीचे दिवस

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपलं लग्न बदललं. डिसेंबर १९५६ मधल्या एका पत्रात बाबासाहेबांनी बौद्ध विवाहाची पद्धत सांगितली. होम नाही, सप्तपदी नाही, अगदी साधा विधी. खर्च वाचला की शिक्षणाला लागेल, हा हिशेब समाजानं मनावर घेतला. १९७८ च्या दुरुस्तीनं लग्नाचं वय मुलीला १८ आणि मुलाला २१ झालं. पोरींना शिकायला वेळ मिळाला.

मग नोकऱ्या आल्या. रेल्वे, टपाल, महालेखाकार कार्यालय, अंबाझरीची आयुध निर्माणी, कोराडीचं वीज केंद्र, वेकोलि. राज्यात नवबौद्धांना सवलती मिळाल्या, पण केंद्रात बौद्ध अनुसूचित जातीत धरले जात नव्हते. ती दुरुस्ती १९९० मध्ये झाली. मधल्या काळात नोकरीसाठी कागदावर एक आणि घरात दुसरं, अशी कित्येक घरांची ओढाताण झाली. इतकं सोसून मिळालेली नोकरी पोरीच्या बापानं महत्त्वाची मानली तर त्याला नावं कशी ठेवावी? मनीषनगरात आपली जी घरं उभी आहेत, त्यातली बरीचशी याच नोकऱ्यांच्या फंडातून आणि कर्जातून उभी राहिली. इंदोरा, पाचपावली, इमामवाड्यातून निघून लोक वर्धा रोडच्या पलीकडे प्लॉट घेऊन आले. फाटकावर अर्धा-अर्धा तास थांबून ड्यूटी केली. ही कष्टाची कमाई आहे, तिची लाज नको.

पण दोन गोष्टी बिघडल्या. एक, सरकारी नोकरीवाल्या पोराला भाव आला. १९६१ पासून हुंड्याला कायद्यानं बंदी आहे, तरी "आमचं काही मागणं नाही, तुमच्या पोरीला काय द्याचं ते द्या" ही नवी भाषा आली. दोन, प्लॉटवाले आणि वस्तीवाले असे दोन थर पडू लागले. पोटजातीची पायरी मोडणाऱ्यांच्या नातवंडांनी पगाराची पायरी बांधली.

ही पायरी किती पक्की असते? १९८६ मध्ये एम्प्रेस मिल सरकारकडे गेली, २००२ मध्ये कायमची बंद पडली. एकेकाळी ज्याला लोक पोरगी द्यायला धावायचे, तो मिलचा जावई सायकलवर भाजी विकताना नागपूरनं पाहिला. जिनं नवरा म्हणून माणूस पाहिला होता, तिचा संसार त्यातूनही तरला. जिला फक्त पगार दाखवला होता, तिची फार ओढाताण झाली. भगवंतांनी सांगितलेली अनित्यता दुसरी कोणती?

मग काय विचारावं?

अंगुत्तर निकायात नकुलपिता आणि नकुलमाता या जोडप्याची गोष्ट आहे. या जन्मी एकमेकांना साथ दिली, पुढेही ती टिकावी, त्यासाठी काय करावं, असं त्यांनी भगवंतांना विचारलं. उत्तर मिळालं की दोघं श्रद्धेत, शीलात, त्यागात आणि प्रज्ञेत समान असावीत. समानता हवीच, पण ती चार गोष्टींत. त्यात कुळ नाही, धंदा नाही, धन नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. "पोरगा काय करते?" हा प्रश्न जरूर विचारा, पण पेलण्याच्या अर्थानं विचारा. कमावण्याची तयारी आहे का, दारू-जुगार आहे का, कर्ज किती, हे विचारा. कंत्राटी आहे म्हणून उठून जाऊ नका. पगार पोरीचा जास्त असेल तर त्यात कमीपणा नाही. उलट पोराला विचारा, "बाबू, ती ड्यूटीवरून आली तर चहा कोण मांडील?" या प्रश्नाचं उत्तर पेस्लिपपेक्षा जास्त सांगून जाईल. आणि "राहते कुठं?" हा प्रश्न वस्तीचं नाव ऐकून नाक मुरडायला विचारणार असाल तर विचारूच नका. आपण सगळे त्याच वस्तीतून आलो.

पोरींनाही सांगणं आहे. मोहन पार्कवर तुमच्या पणजीला मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहायला सांगितलं होतं. बरोबरी दोन्हीकडून असते. स्वतः कमावणाऱ्या मुलीनं आपल्यापेक्षा मोठा पगारच शोधत राहावं, हेही त्या सांगण्यात बसत नाही.

परिचय मेळाव्यातल्या फॉर्मवर शिक्षण, नोकरी, उत्पन्न, घर असे रकाने असतात. आपल्या विहारात यापुढे मेळावा झाला, तर त्यात एक रकाना वाढवावा अशी कार्यकारिणीला नम्र विनंती आहे. "जोडीदाराच्या अडचणीच्या दिवसांत आपण काय कराल?" हे मुलानं आणि मुलीनं, दोघांनीही स्वतःच्या हातानं लिहावं. आईबापांनी लिहून देऊ नये.

भायखळ्याच्या बाजारातल्या त्या लग्नात हा रकाना नव्हता. तरी तो रमाईंनी जन्मभर भरला.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!