तगरची आठवण आणि घरचा संगणक



धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव गोरोबाकाकांचें म्हणून सर्वांस परिचित आहे. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकांत हेंच गांव ‘तगर’ या नांवानें व्यापारी जगांत गाजत होतें. ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचें सांगितलें आहे. तेथील कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरास जाई. पुढें हें वैभव इतकें लोपलें कीं, तगर म्हणजे कोणतें गांव, याविषयींच विद्वानांत वाद माजला. अखेर १९०१ सालीं फ्लीट यांनीं तगर म्हणजे तेर, हें सप्रमाण मांडलें.

ही आठवण टिकली कशी? पेरिप्लसची मूळ पोथी उरलेली नाहीं. दहाव्या शतकांतील एक नक्कल जर्मनींत हायडेलबर्ग येथें आहे. इकडे कोंकण व कोल्हापूरच्या शिलाहार राजांनीं तगरपुराचें स्वामित्व आपल्या बिरुदांत मिरविलें आणि तीं बिरुदें ताम्रपटांत कोरविलीं. नोंद एकाच ठिकाणीं नव्हती, म्हणून नांव वांचलें.

आज घरच्या संगणकासाठीं स्वल्प किंमतीचा एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, निवडतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मुलाबाळांचीं छायाचित्रें, सात-बाराचे उतारे, गुणपत्रिका हे सारें आतां त्यांतच सांठतें.

१९५६ सालीं आयबीएमनें पहिली हार्ड डिस्क विक्रीस आणली. पन्नास तबकड्यांवर सुमारें पन्नास लाख अक्षरें मावत. फिरणारी तबकडी आणि सरकणारें टोंक यांमुळें तिला वेळ लागे. १९८७ सालीं तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं नँड फ्लॅश ही स्मृति जगापुढें ठेविली; तींत हलणारें कांहींच नव्हतें. १९९१ मधील सॅनडिस्कच्या ड्राइव्हांत अवघे २० मेगाबाइट मावत आणि किंमत सुमारें १००० डॉलर होती.

पुढें स्वस्ताई आली, तिचें एक कारण असें. या स्मृतींत सूक्ष्म कप्प्यांत विद्युद्भार सांठवितात. टीएलसी प्रकारांत एका कप्प्यांत भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, क्यूएलसींत सोळा. एकाच मापावर जितक्या अधिक खुणा, तितक्या त्या जवळ येतात आणि चूक होण्याचा संभव वाढतो. म्हणून किंमतींत थोडाच फरक असेल, तर टीएलसीच घ्यावा.

खरेदीपूर्वीं संगणकांत कोणती जोडणी आहे तें पाहावें. जुन्या यंत्रांत साटा असते. तिचा वेग सेकंदास सुमारें ५५० मेगाबाइटच्या पलीकडे जात नाहीं. एनव्हीएमई त्याहून पुष्कळ वेगवान. पण पत्रें लिहिणें व हिशेब ठेवणें यांत तो फरक क्वचितच जाणवतो. जुनी डिस्क काढून कोणताही बरा एसएसडी बसविला, कीं यंत्र तरुण होतें. हमीपत्रावर ३०० टेराबाइट लेखनाची मर्यादा असली आणि आपण रोज २० गिगाबाइट लिहिले, तरी ती चाळीस वर्षें पुरेल. तेव्हां मोठ्या आंकड्यांस भुलूं नये. हमीचीं वर्षें व पक्की पावती पाहावी. नांवगांव नसलेला, अशक्य क्षमता सांगणारा माल दूर ठेवावा.

मात्र दोन गोष्टी विसरूं नयेत. वीज एकाएकीं गेल्यास स्वस्त ड्राइव्हांतील अर्धवट लेखन बिघडूं शकतें. भारनियमनाच्या गांवीं लहानसा यूपीएस असावा. आणि विजेवांचून दीर्घकाळ कपाटांत, तोही उन्हाळ्याच्या उष्म्यांत, पडून राहिल्यास त्यांतील भार हळूहळू झिरपतो. म्हणून बदललेली जुनी हार्ड डिस्क चांगली चालत असल्यास टाकूं नये. तींत सर्वांची नक्कल करून ती दुसऱ्या घरीं, भावाकडे वा लेकीकडे, ठेवावी आणि वर्षांतून एकदां उघडून पाहावी.

तगरचे बाजार गेले, पण दूरच्या एका नकलेंत त्याचें नांव राहिलें. आपल्या घरची आठवणही एकाच डबींत कोंडून ठेवूं नये, इतकेंच सांगणें.