दिवसा नाहीसा होणारा पलंग

मराठीत झोपण्याच्या साधनांसाठी शब्दांची उणीव नाही. खाट, बाज, माचा, पलंग, दिवाण, शेज. जमिनीवरचे असेल तर चटई, सतरंजी, वाकळ, गोधडी. आणि हे सारे गुंडाळून कोपऱ्यात उभे केले की वळकटी. मात्र रात्री भिंतीतून खाली उतरणाऱ्या आणि सकाळी पुन्हा भिंतीत जाणाऱ्या पलंगाला आपल्याकडे अजून नाव पडलेले नाही. दुकानदार त्याला ‘वॉल बेड’ म्हणतात, कोणी ‘मर्फी बेड’ म्हणतात. मुंबईसारख्या शहरात, जिथे एका खोलीत तीन पिढ्यांचे संसार झाले, तिथे ही वस्तू शंभर वर्षांपूर्वीच रुजायला हवी होती. ती रुजली नाही. याचे कारण केवळ दारिद्र्य असे सांगून मोकळे होता येत नाही. त्यासाठी या पलंगाचा इतिहास थोडा उलगडून पाहावा लागतो.

या इतिहासाच्या प्रारंभी एक दंतकथा आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर विल्यम लॉरेन्स मर्फी नावाचा एक तरुण सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका खोलीच्या घरात राहत होता. त्याचे मन एका ऑपेरा गायिकेवर जडले होते. परंतु पुरुषाच्या शयनगृहात अविवाहित स्त्रीने पाऊल टाकणे त्या काळच्या शिष्टाचाराला मंजूर नव्हते, आणि याच्या घरात शयनगृहावाचून दुसरे काही नव्हतेच. मग त्याने पलंगच उचलून कपाटात उभा केला. पलंग दिसेनासा झाला, खोलीची बैठक झाली, गायिका चहाला येऊ शकली. कथा खरी असो वा नंतर रचलेली, तिच्यात या वस्तूचे मर्म नेमके सापडते. मर्फीची अडचण जागेची नव्हती. एकट्या माणसाला ती खोली पुरेशी होती. अडचण ही होती की त्याची रात्र दिवसा इतरांना दिसत होती. जागा वाचवणे हे या पलंगाचे नंतर सांगितले गेलेले प्रयोजन. मुळात तो रात्र झाकण्यासाठी जन्मला.

घडी होणारा पलंग मर्फीने शोधला असे मात्र नव्हे. १८६६ मध्ये अमेरिकेत पलंग पोटात घेणाऱ्या पियानोचे पेटंट निघाले होते. शिकागोत फर्निचरचे दुकान चालवणाऱ्या सॅरा गुड या कृष्णवर्णीय स्त्रीला १४ जुलै १८८५ रोजी अशा पलंगाचे पेटंट मिळाले, जो मिटला की लिहिण्याचे मेज होई. पेटंट मिळवणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रियांत तिची गणना होते. लहान घरांतल्या गिऱ्हाइकांची निकड दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या बाईला कळावी हे स्वाभाविकच आहे. तरीही वस्तूला नाव मिळाले ते मर्फीचे. या दोघांत एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. पियानो काय किंवा मेज काय, ही सोंगे होती. पलंगाने दिवसा दुसरे काहीतरी असल्याचा बहाणा करायचा. मर्फीने बहाणा सोडला आणि पलंगाला नाहीसेच केले. १८ जून १९१२ रोजी त्याला मिळालेल्या एका पेटंटचे शीर्षकही ‘नाहीसा होणारा पलंग’ असेच आहे.

त्याचे खरे कर्तृत्व बिजागरी आणि स्प्रिंग यांच्या जुळणीत होते. पलंगाची चौकट, गादी आणि पांघरुणे मिळून जे वजन होते ते उचलायला एरवी दोन माणसे लागतील. मर्फीने त्या वजनाला स्प्रिंगांचा तोल दिला, म्हणजे पलंग खाली येताना स्प्रिंग ताणली जावी आणि वर जाताना तिनेच भार घ्यावा. एका हाताने पलंग उभा करता येऊ लागला. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, घर आवरण्याचे रोजचे श्रम त्याने माणसाच्या कमरेवरून काढून पोलादावर टाकले. हा मुद्दा पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

दंतकथेतून धंदा उभा राहिला तो एका आपत्तीमुळे. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपाने आणि त्यापाठोपाठच्या आगीने सॅन फ्रान्सिस्कोतील अठ्ठावीस हजारांवर इमारती नष्ट झाल्या. पुन्हा जे शहर वसले त्यात लहान सदनिकांच्या उंच इमारती मोठ्या प्रमाणावर होत्या. बांधणाऱ्यांना मर्फीचा पलंग सोयीचा वाटला. एक खोली बांधायची आणि भाडे दोन खोल्यांचे सांगायचे. पुढे लॉस एंजेलिस, शिकागो, न्यूयॉर्क इथेही हेच झाले. येथे एक बारीकशी गोष्ट नजरेतून सुटू नये. हा पलंग भिंतीला जखडलेला, म्हणून तो घरमालकाचा. भाडेकरू आपली ट्रंक घेऊन येणार, कुणी दुसऱ्याने रात्री वापरलेला पलंग खाली ओढणार आणि जाताना तो तिथेच उभा करून जाणार. झोपेची जागासुद्धा भाड्याची झाली.

या वस्तूची थट्टाही लगेच सुरू झाली. १९१६ मध्ये चार्ली चॅप्लिनने ‘वन ए. एम.’ या मूकपटात मद्यधुंद गृहस्थाची आणि भिंतीतल्या पलंगाची झटापट दाखवली. पलंग उतरतो, उलटतो, त्याला पोटात घेतो, पुन्हा बाहेर फेकतो. शेवटी बिचारा न्हाणीघरातल्या टबात झोपतो. यंत्राने घरात शिरून माणसाला त्याच्याच बिछान्यातून हुसकावून लावावे, ही चॅप्लिनची कल्पना वीस वर्षांनी आलेल्या ‘मॉडर्न टाइम्स’ची आठवण करून देते. दुसऱ्या महायुद्धात पोलादावर निर्बंध आले, युद्धानंतर उपनगरांत प्रशस्त घरे उभी राहिली आणि पलंगाला पुन्हा भिंतीत जाण्याचे कारण उरले नाही. नाव मात्र भाषेत इतके मुरले की १९८९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ‘मर्फी बेड’ हा आता सामान्य शब्द झाला आहे, त्यावर कंपनीची मालकी राहिलेली नाही, असा निर्णय दिला. आपण कोणत्याही पोलादी कपाटाला बेधडक ‘गोदरेज’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

आता मुंबईकडे वळण्यापूर्वी क्षणभर जर्मनीत थांबायला हवे, कारण प्रश्नाचे स्वरूप तिथे बदलले. १९२५ नंतर फ्रँकफुर्ट शहराने अर्न्स्ट माय या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली कामगार आणि नोकरदारांसाठी हजारो लहान घरे बांधली. मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये आखलेले तिथले स्वयंपाकघर जगभर गाजले. त्याच घरांत भिंतीत मिटणारे पलंगही होते. १९२९ मध्ये आधुनिक वास्तुविशारदांची आंतरराष्ट्रीय परिषद फ्रँकफुर्टला भरली, तिचा विषयच ‘किमान घर’ हा होता. माणसाला माणूस म्हणून जगायला कमीत कमी किती जागा, किती उजेड, किती हवा लागते? पलंग कुठे जाईल हा प्रश्न तिथे घरमालकाच्या नफ्याचा न राहता नागरिकाच्या हक्काचा झाला.

आणि नेमक्या याच दशकात मुंबईत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे आपल्या बीडीडी चाळी उभ्या राहत होत्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती; प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. किमान घराची कल्पना इथेही होती, फक्त ती मांडताना पलंगाचा विचार कुणी केल्याचे त्या खोल्यांच्या रचनेत दिसत नाही. चार भिंती, कोपऱ्यात मोरी, बाहेर सामायिक गॅलरी. झोपायचे कुठे आणि कसे, हे राहणाऱ्यांवर सोपवलेले.

राहणाऱ्यांनी तो प्रश्न सोडवला, आणि आपल्या पूर्वापार पद्धतीने सोडवला. वळकटी हा मर्फी बेडच आहे, फक्त त्याला स्प्रिंग नाही. रात्री जेवणे झाली की भांडी मोरीत जात, जमीन पुसली जाई, वळकट्या सुटत. पुरुष आणि मोठी मुले गॅलरीत किंवा गच्चीवर, बायका आणि लहानगी आत, नवे जोडपे असेल तर पडद्याआड किंवा पोटमाळ्यावर. सकाळी पाण्याच्या वेळेआधी सारे गुंडाळून ट्रंकांवर रचलेले. गिरण्यांच्या पाळ्या सुरू असताना तर एकच गाळा आठ-दहा जणांत वाटून घेतलेला असे. रात्रपाळीचा गडी परतला की दिवसपाळीला गेलेल्याच्या जागेवर अंग टाकी. अमेरिकेतल्या पलंगाने खोली दुप्पट केली असेल, गिरणगावाने चोवीस तासांचीच वाटणी केली. शिवाय वळकटी ही ज्याची त्याची. गणपतीला, शिमग्याला गावी जाताना ती खांद्यावर निघे. घरमालक तिच्यावर भाडे लावू शकत नव्हता.

परंतु या वळकटीचे कौतुक करताना मला नेहमी संकोच वाटतो. चाळजीवनाच्या आठवणी लिहिणाऱ्या आपल्या लेखकांना गॅलरीतल्या गप्पा आठवतात, गच्चीवरचे चांदणे आठवते. पहाटे पाचला सात अंथरुणे कोण गुंडाळत होते, हे फार क्वचित आठवते. ती स्प्रिंग घरातली बाई होती. सर्वांत शेवटी आडवी होणारी आणि सर्वांत आधी उठणारी. अमेरिकेत जे श्रम पोलादावर गेले ते इथे तिच्याच कमरेवर राहिले, म्हणून ते यंत्र विकत घेण्याची गरज कुणाला भासली नाही. भिंतीतला पलंग इथे का रुजला नाही, याचे मला दिसणारे पहिले कारण हे आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. नाहीसा होणारा पलंग म्हणजे एक वेळापत्रक असते. रेल्वेच्या तीन मजली डब्यातला मधला बर्थ आपण सर्वांनी उघडला आहे. तो केव्हा उघडावा यावरून प्रवाशांत इतकी भांडणे होत की रेल्वेला नियम करावा लागला. २०१७ च्या परिपत्रकाने झोपेची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा अशी ठरवली, पूर्वी ती नऊपासून होती. त्या परिपत्रकात एक माणुसकीची ओळ आहे: आजारी, अपंग आणि गरोदर प्रवाशांना ठरलेल्या वेळेपलीकडेही झोपू द्यावे, अशी सहप्रवाशांना विनंती. घराला असे परिपत्रक नसते. घराचा दिवस केव्हा सुरू होतो हे घरातला सर्वांत सबळ माणूस ठरवतो आणि त्याचा जाच सर्वांत दुबळ्याला होतो. ताप आलेले मूल, बाळंतीण, कंबर धरलेली आजी, रात्रपाळी करून आलेला मुलगा, यांना दुपारी दोन वाजता आडवे व्हायचे असते. पलंग भिंतीत गेलेल्या घरात त्यांची रात्र बेकायदेशीर ठरते. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ म्हणणाऱ्यांनी अंथरूणच उचलले जाते त्या वेळेचे काही सांगितलेले नाही.

आज हा पलंग मुंबई-पुण्याच्या लहान सदनिकांत पुन्हा दारावर आला आहे. स्प्रिंगेऐवजी वायू भरलेले दट्टे असतात. सुतार त्यांना सरसकट ‘हायड्रॉलिक’ म्हणतात. हिशेब असा. सहा बाय पाचचा पलंग ३० चौरस फूट जमीन अडवतो. तो उभा करून दीड फूट खोलीच्या कपाटात बंद केला तर ते कपाट साडेसात चौरस फूट अडवते. नफा साडेबावीस चौरस फुटांचा. १६० फुटांच्या खोलीत हा जवळजवळ सातवा हिस्सा, म्हणजे थोडाथोडका नव्हे. पण आमचा सुतार लगेच विचारतो, “आणि पलंगाखालचं सामान?” त्याचा प्रश्न रास्त आहे. मराठी घरात पलंगाखालची जमीन कधी रिकामी नव्हतीच. बॉक्स पलंगाच्या पोटात दीड फूट उंची धरली तर ४५ घनफूट जागा मिळते. तिच्यात पाहुण्यांच्या गाद्या, हिवाळ्याच्या रजया, गणपतीची मखर, मुलांची जुनी पुस्तके आणि कधी वर्षाचे तांदूळही असतात. भिंतीतला पलंग हे सारे उघड्यावर आणतो. ज्या घरात माणसे कमी आणि सामान बेताचे, तिथे तो शोभतो. मर्फी एकटाच राहत होता, हे इथे विसरून चालत नाही.

तरीही कुणाला बसवायचाच असेल तर भिंत आधी ठोकून पाहावी. सारा भार भिंतीतल्या बोल्टांवर येतो. वीट किंवा काँक्रीट तो पेलते, हलक्या पोकळ आडभिंतीचा भरवसा धरू नये. दट्ट्यांची ताकद गादीच्या वजनाशी जुळलेली हवी, म्हणून नंतर जाड गादी आणून टाकली की तोल बिघडतो. उंची कमी असेल, किंवा पंखा आड येत असेल तर लांबीच्या अंगाने उघडणारा पलंग घ्यावा. २०२२ मध्ये अमेरिकेत भिंतीवरून सुटून पडणाऱ्या अशा एक लाखाहून अधिक पलंगांना, एका वृद्ध स्त्रीचा जीव गेल्यावर, कंपनीला परत बोलवावे लागले. चॅप्लिनचा विनोद तितकासा निरुपद्रवी नव्हता.

इकडे ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या. १६० फुटांच्या जागी ५०० फूट, आणि नकाशावर प्रथमच ‘शयनगृह’ असे लिहिलेल्या खोल्या. आता तिथे सुतारांची कामे चालू असतील आणि घराघरात मोजमापे होत असतील. शंभर वर्षे ज्या घरांत अंथरूण रोज सकाळी उठत आले, तिथे दिवसाही अंथरलेला राहील असा एक पलंग येईल, आणि त्यावर दुपारी कोण पडणार, यावर आधी थोडा वाद होईल.