घाटात गाडी दम का सोडते? ट्रकच्या गरम इंजिनाची गोष्ट

आजच्या भागाचं हे लिहिलेलं रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बरंचसं बोललो तसंच ठेवलंय.

गेल्या पावसाळ्यात मी मुलुंडला एका ओळखीच्या मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये बसलो होतो. एलबीएस मार्गाला लागून असलेल्या गल्लीत. एक ट्रकवाले दादा आले. गाडी स्वतःची, हप्ते चालू. म्हणाले, "मिस्त्री, घाटात गाडी उचलतच नाही. काटा वर जातो, दिवा लागतो, आणि मग कितीही एक्सलेटर दाबा, बैलगाडी होते. सपाटीला काही नाही." आधी दुसऱ्या गॅरेजला रेडिएटर धुवून झाला होता, थर्मोस्टॅट नवा, पाण्याचा पंप नवा. पैसे गेले, दुखणं तिथंच.

मिस्त्रींनी बॉनेटकडे बघितलंही नाही. एवढंच विचारलं, "रात्रभर उभी गाडी, सकाळी पहिल्यांदा चावी फिरवता तेव्हा काटा कुठे असतो?"

दादा गप्प. असं कोण बघतं?

"मग गाडी आज इथेच राहू द्या. सकाळी बघू."

सकाळी काय झालं ते शेवटी सांगतो. त्याआधी थोडं मागे जाऊ, कारण तो प्रश्न कळायला सत्तर वर्षांचा इतिहास लागतो.

घाट आधी, ट्रक नंतर

मुंबईच्या ट्रकवाल्याचं नशीबच असं, की शहर सोडून देशावर जायचं तर सह्याद्री चढावाच लागतो. पुण्याला बोरघाट, नाशिकला कसारा. बोरघाटातून गाडीरस्ता झाला १८३० साली, गव्हर्नर माल्कमच्या काळात. तो बैलांच्या हिशोबाने. खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण ६० मीटरवर, लोणावळा ६०० च्या वर. म्हणजे भरलेली गाडी थोड्याशा अंतरात अर्धा किलोमीटर वर उचलायची.

इंजिनासाठी याचा अर्थ काय? डिझेल जळून जी उष्णता होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांना मिळतो, एक तृतीयांश धुरातून जातो, आणि उरलेला पाण्यातून रेडिएटरकडे. सपाटीला वाऱ्याचा झोत रेडिएटर थंड करतो. घाटात इंजिन पूर्ण ताकदीने ओढतंय, पण गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगतेय. उष्णता जास्तीत जास्त, वारा कमीत कमी. सगळा भार एका पंख्यावर.

क्लीनर नावाचा सेन्सर

स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज आणि फार्गो ट्रक बनत होते. १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक बाहेर पडायला लागले, आणि पुढची कित्येक वर्षं रस्त्यावर त्यांचंच राज्य होतं. डिझेलचा पंप बहुतेक मायकोचा, १९५१ ला बंगळूरमध्ये सुरू झालेल्या कंपनीचा. पूर्णपणे यांत्रिक. पायाने जेवढं दाबाल तेवढं डिझेल तो देणार.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या पंपाला पाणी किती तापलंय हे कळायची सोयच नव्हती. इंजिन उकळत असलं तरी तो डिझेल देतच राहायचा. मग इंजिनाला वाचवणार कोण? ड्रायव्हर आणि क्लीनर. ड्रायव्हरचं एक लक्ष काट्यावर, दुसरं आवाजावर. गरम इंजिन वेगळं वाजतं. क्लीनरच्या हाताशी पाण्याचा डबा आणि चाकामागे लावायचा दगड. खोपोलीहून वर जाताना शिंगरोबाच्या देवळाशी नाणं टाकायची रीत होती. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून लोक त्याला मानतात. देवाला हात जोडायचे आणि पुढे इंजिनाला थोडा विसावा द्यायचा, दोन्ही कामं घाटातच.

आणि थांबला नाही तर? पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये घासायला लागायचा, हेड वाकायचं, गॅस्केट उडायचं. गाडीची ताकद जायची ती तेव्हा. म्हणजे ताकद गेली हे कळेपर्यंत नुकसान झालेलं असायचं.

त्या काळातला एक जुगाडही सांगतो, कारण तो अजून जिवंत आहे. "गाडी तापते? थर्मोस्टॅट काढून टाक." थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार. इंजिन तापल्यावर ते उघडतं आणि पाणी रेडिएटरला जातं. वाटतं की दारच काढलं तर पाणी जास्त फिरेल. पण कित्येक इंजिनांत तोच थर्मोस्टॅट उघडताना आतली आडवाट बंद करत असतो. तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरतं. गाडी उलट जास्त तापते.

निर्णय पायाकडून डब्याकडे

मग प्रदूषणाचे नियम आले. बीएस-४ मुंबईसारख्या मोठ्या शहरांत २०१० ला आणि देशभर १ एप्रिल २०१७ ला, बीएस-६ १ एप्रिल २०२० ला. योगायोग बघा, २०१७ च्याच १ जुलैला मुंबईची जकात गेली आणि मुलुंड चेकनाक्यावरच्या जकातीच्या रांगा संपल्या. तीन महिन्यांत ट्रकवाल्याचं बाहेरचं जग बदललं आणि बॉनेटखालचंही.

धूर साफ करायचा तर डिझेल थेंबाथेंबाने मोजून सोडावं लागतं. ते काम एका कॉम्प्युटरकडे गेलं, ईसीएमकडे. आता पाय फक्त विनंती करतो, देतो तो डबा. आणि या डब्याला पाण्याचं तापमान कळतं. हद्द ओलांडली की तो डिझेल हळूहळू कमी करतो. ही हद्द गाडीगणिक वेगळी. आणखी एक, अनेक इंजिनांत धुराचा काही भाग थंड करून परत आत सोडतात, ती उष्णताही पाण्यातच जाते. धूर स्वच्छ झाला, रेडिएटरचं ओझं वाढलं.

पूर्वी ताकद गेली म्हणजे इंजिन गेलं. आता ताकद गेली म्हणजे बहुतेक वेळा इंजिन वाचलं. ड्रायव्हरला मात्र दोन्ही वेळा एकच दिसतं: मागून हॉर्न, आणि घाटात रुतलेली गाडी.

ताप खरा की थर्मामीटर खोटं?

म्हणून आजच्या मिस्त्रीचा पहिला प्रश्न "कुठला पार्ट बदलू" हा नाही. पहिला प्रश्न, गाडी खरंच तापतेय का?

स्कॅनरवर एसपीएन ११० दिसलं तर तक्रार पाण्याच्या तापमानाची. १०५ असेल तर इंजिनात जाणाऱ्या हवेची, म्हणजे इंटरकूलर तपासा. तापाचा कोडच नसेल तर डिझेल फिल्टर, टर्बोचा फुटलेला होज, युरियाची यंत्रणा, असं दुसरीकडे शोधा. पण कोड एवढंच सांगतो की सेन्सर काय म्हणाला. सेन्सर खरं बोलला का, हे कोड सांगत नाही.

ते तपासायचे दोन सोपे मार्ग. थर्मोस्टॅटच्या घराजवळ तापमानाची गन धरायची आणि स्कॅनरच्या आकड्याशी ताडून बघायची. दुसरा मार्ग बिनखर्चाचा: रात्रभर उभ्या इंजिनात पाणी, आतली हवा आणि बाहेरची हवा, तिघांचं तापमान जवळजवळ सारखंच असायला हवं.

ताप खरा निघाला तर क्रम ठरलेला. पाण्याची पातळी, रेडिएटरचं झाकण, पट्टा, पंख्याचा क्लच, इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या फटीत बसलेली धूळ. झाकणाकडे दुर्लक्ष करू नका. ते कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरतं, म्हणून पाणी शंभर अंशांना उकळत नाही. आणि गरम इंजिनाचं झाकण उघडू नका, एवढं मात्र कायम पाळा. बोअरिंगचं पाणी भरत राहिलात तर आत क्षार धरतात. नीट प्रमाणात कुलंटच घाला.

सकाळी

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मिस्त्रींनी चावी फक्त ऑनला आणली, गाडी सुरू केली नाही. स्कॅनर: हवा २७ अंश, पाणी ५८. बारा तास उभी असलेली गाडी! हात लावला तर ब्लॉक थंडगार.

सेन्सरचा कनेक्टर उघडला. आत पावसाचं पाणी आणि हिरवट गंज. हा सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो. पिनांमधल्या ओलाव्यातून करंट गळला की डब्याला वाटतं, पाणी तापलंय. थंड असताना फरक मोठा दिसतो, गरम झाल्यावर तोच आठ-दहा अंशांवर येतो. सपाटीला ते खपून जातं. घाटात पाणी खरोखर ९५ वर असतं, डबा १०५ वाचतो आणि डिझेल कापतो. काटाही त्याच सेन्सरवर चालतो, म्हणून दादांचाही विश्वास बसला.

कनेक्टर नवा लावला. गाडी त्याच आठवड्यात कसारा चढून आली.

दादा निघताना म्हणाले, "मग हा सेन्सर काढूनच टाकला तर?" मिस्त्री हसले नाहीत. म्हणाले, "आज गंजाने जास्त दाखवलं म्हणून तुम्ही आलात. उद्या गंज तारेच्या आत धरला तर कमी दाखवेल. डबा गप्प बसेल, तुम्ही मजेत घाट चढाल, आणि इंजिन वरच्या वळणावर बसेल. क्लीनर झोपला म्हणून त्याला गाडीतून ढकलता का? उठवता ना?"

तर मंडळी, घाटात गाडीने दम सोडला तर आधी बाजूला घ्या, थंड होऊ द्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चावी फिरवताना, तो काटा एकदा बघा. भेटू पुढच्या भागात.